पावमास्तरांचा संयमाचा वर्ग

वर्गात आधी पावमास्तरांचं पोट शिरायचं आणि मागून पावमास्तर. आत आल्यावर ते पोट टेबलाच्या कडेला टेकवायचे, एप्रनवरचं पीठ झटकायचे आणि म्हणायचे, "बाळांनो, आज आपण संयमाबद्दल बोलू." त्यावर पहिल्या बाकावर हमखास खसखस पिकायची. मास्तरांना त्याचा कधी राग आला नाही. "हसा, हसा," ते म्हणायचे. "निसरडं कुठे आहे, ते घसरलेल्या माणसालाच विचारावं."

आठवडाभर ते भट्टीपुढे असायचे. रस्त्याच्या वळणावर त्यांची स्वतःची बेकरी, तिच्या डोक्यावर राहायच्या खोल्या आणि मागे मैद्याची पोती रचायची एक लांबट खोली. रविवारी सकाळची भट्टी उतरली की पोती भिंतीला सारायची, बाकं मांडायची, की झाला वर्ग तयार. शाळेत गणित शिकवतात, भूगोल शिकवतात. पण राग गिळावा, जीभ आवरावी, हात उगारू नये, हे आपल्या धर्मातलं चार शब्दांचं शहाणपण पोरांना कोण सांगणार, असा प्रश्न पूर्वी कधीतरी काही आयांना पडला होता. तो पडला पावाच्या रांगेत उभं असताना. रांगेत पडलेले प्रश्न शेवटी दुकानदाराच्याच गळ्यात येतात. शिवाय मास्तरांचे वडील पीठ मळता मळता पोथीतल्या ओळी म्हणायचे, त्यामुळे अध्यात्म आणि यीस्ट या दोन्हींचा वास मास्तरांच्या नाकात लहानपणी एकदमच शिरला होता. ते हो म्हणाले.

शिकवण्याची त्यांची रीत मात्र त्यांची स्वतःची. शरीर म्हणजे रथ, इंद्रियं म्हणजे घोडे, मन म्हणजे लगाम, हे सांगून झालं की ते प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक ताजा बन ठेवायचे. भट्टीतून नुकताच काढलेला, वरून तुपकट चमकणारा, हात लावला तर चटका देणारा. वर्ग संपेपर्यंत त्याला शिवायचं नाही. अहिंसा, सत्य, क्षमा, सगळं त्या वासात बसून ऐकायचं. वर्ग सुटल्यावर खुशाल खावा; पण ज्याने न खाता तो दुसऱ्या कोणाला देऊन टाकला, त्याने पुढच्या रविवारी मैद्याच्या पोत्यावर उभं राहायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पोत्यावर उभं राहण्याचा मान फार मोठा होता. काही पोरं त्या एका टाळीसाठी बन शेजारच्या कुत्र्याला देत, आणि तो कुत्रा त्या गल्लीत संयमाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता झाला होता.

"मास्तर," एक चष्मेवाला पोरगा विचारायचा. प्रत्येक गोष्टीत शंका काढतो म्हणून सगळे त्याला 'वकील' म्हणायचे. "त्या रथाच्या घोड्यांना कोणी खायला घालतं की नाही?"

"घालतात रे बाबा. आधी लगाम, मग चंदी."

"पण चंदीचा धडा कधी येणार?"

"येईल, येईल. तू आधी बनावरची नजर काढ."

तो धडा काही आला नाही. मास्तरांना त्याची कधी गरजच वाटली नव्हती. खायचं कसं हे माणसाला शिकवावं लागतं, ही कल्पना बेकरीत जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात येणारच कुठून?

मास्तरांची नात त्याच वर्गात वाढली. लहानपणी ती गोल होती, गालांना दोन बाजूंनी दोन बन चिकटवल्यासारखी, आणि मास्तरांनीच तिला 'ढब्बू' असं नाव ठेवलं होतं. ढब्बूचा बन कधी अहिंसेपर्यंतही टिकला नाही. मास्तर पुन्हा "बाळांनो" म्हणेपर्यंत तिच्या ओठांना चुरा लागलेला असायचा. वर्ग खदखदून हसायचा, मास्तर कपाळावर हात मारून म्हणायचे, "आमच्या ढब्बूचे घोडे म्हणजे लगाम तोडून थेट भट्टीत!" पुन्हा हशा. ढब्बूही हसायची. मग मास्तर पुढचा धडा घ्यायचे: मारणं ही हिंसा, मारावंसं वाटणं ही हिंसा, आणि चारचौघांत कुणाला टोचून बोलणं ही सगळ्यात स्वस्त हिंसा, कारण तिला हातसुद्धा हलवावा लागत नाही. हे ते अगदी मनापासून सांगायचे. आपण आत्ताच काय बोललो आणि आता काय सांगतोय, हे त्यांनी कधी शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं नाही. प्रेमाने बोललेलं टोचत नसतं, असा घरातल्या मोठ्यांचा समज असतो.

मग ढब्बू वाढली, उंच झाली, आणि एका रविवारी तिचा बन वर्ग संपेपर्यंत पुढ्यात तसाच राहिला. तो तिने वकिलाला दिला. पुढच्या रविवारी टाळ्या. त्याच्या पुढच्याही. मास्तरांची छाती पोटाच्या पुढे जाईल की काय असं वाटू लागलं. गिऱ्हाइकाला पाव देता देता ते म्हणायचे, "आमची नात बघा. बेकरीत राहून बनाकडे ढुंकून बघत नाही. याला म्हणतात इंद्रियनिग्रह!" दर रविवारी ढब्बूच पोत्यावर. इतरांनी तो मान मिळवायचं सोडूनच दिलं, आणि कुत्रा दुसऱ्या गल्लीत राहायला गेला.

पहिल्यांदा ओळखलं ते आजीने. आजी म्हणजे मास्तरांची बायको. गल्ल्यावर बसायची, आणि समोरच्या माणसाला आज पाव लागणार की फुकटच्या गप्पा, हे तिला त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं.

"अहो," ती एके दिवशी म्हणाली, "पोरगी जेवत नाही."

"अगं, संयम आहे तो."

"संयम बनाचा होता ना? हिने भाताचा सुरू केलाय. पोळीचा सुरू केलाय. काल डाळ खाल्ली म्हणाली, आणि ती डाळ मला बेसिनच्या जाळीत भेटली."

"वय आहे तिचं. होतं असं."

"वय माझंही होतं. मी ताटातलं टाकलं असतं तर माझ्या आईने मलाच टाकलं असतं." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "काल वेणी घालायला बसली होती. केस हातात येतात हो तिचे. तुम्ही जरा त्या पोत्यावरून खाली उतरून बघा."

मास्तरांनी बघितलं. कसं कोण जाणे, इतके दिवस बघूनही त्यांना दिसलं नव्हतं. वरच्या फडताळातला डबा काढायला तिने हात उंच केला, बाही मागे सरकली, आणि मास्तरांनी आधार द्यायच्या निमित्ताने तिचा दंड धरला. त्यांच्या हाताला आयुष्यभर फुगलेल्या पिठाची सवय. बोट रुतवलं की पीठ हळूहळू वर येतं, म्हणजे आत सगळं ठीक चाललंय. या दंडात बोट रुतवायला जागाच नव्हती. त्यांनी हात काढून घेतला. "ढब्..." एवढंच तोंडातून आलं. त्या दिवसापासून तिला हाक काय मारायची, हेच त्यांना कळेना. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच होतं. ते त्यांच्या जिभेला परक्याच्या मुलीचं वाटायचं.

सून एका कपड्यांच्या कारखान्यात कापड तपासायच्या कामावर होती. कापडातला सैल धागा लांबून ओळखणारी बाई. पण लेकीच्या ढगळ सदऱ्यांनी तिलाही फसवलं होतं. मुलगा पावाची गाडी घेऊन गावोगाव फिरायचा, तो घरी झोपण्यापुरताच. सून आणि मास्तर असे दोघं मिळून मुलीला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या मुलीशी बराच वेळ दार लावून बोलल्या, मग तिला बाहेर बसवून या दोघांना आत घेतलं.

"हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "हट्ट नाही, नखरा नाही. आणि आजोबा, व्रतही नाही."

"पण ती म्हणते, मी स्वतःवर ताबा ठेवते."

"तिला तसं वाटतं. खरं म्हणजे आता तिचा ताबा दुसऱ्याच कुणाकडे गेलाय."

मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझ्या वर्गामुळे झालं का हे?"

"अशा आजाराला एकच एक कारण नसतं. वर्गातली बाकीची मुलं ठणठणीत आहेत ना?"

"आहेत."

"मग."

"म्हणजे वर्गाचा दोष नाही?"

"तसंही मी म्हणाले नाही," डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आजाराला बोलायला शब्द लागतात, आजोबा. तिच्या आजाराने तुमचे उचलले."

परतताना रिक्षात सुनेने सासऱ्याला दोन शब्द सुनावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिने फक्त मुलीचा गार हात आपल्या दोन हातांत धरून ठेवला होता.

संध्याकाळी मास्तर नातीजवळ जाऊन बसले. ती खिडकीपाशी अभ्यास करत होती. उन्हाळा असून अंगात स्वेटर.

"बाळ," त्यांनी सुरुवात केली, "अति तेथे माती, असं आपल्यात म्हणतात."

"ते जास्त खाणाऱ्यांसाठी, आजोबा."

"दोन्हीसाठी. अहिंसा म्हणजे कुठल्याही जिवाला दुखवायचं नाही. त्यात आपला जीवही आला की नाही?"

"तुम्ही वर्गात कधी म्हणाला नाहीत."

"चुकलं माझं. आता म्हणतो."

तिने पेन्सिल खाली ठेवली. आवाजात राग नव्हता, उलट आजोबांची समजूत घालावी तसा तो मऊ होता. "तुम्हीच शिकवलंत ना, भूक आली की तिला म्हणायचं, थांब. मी म्हटलं. रोज म्हटलं."

"हो, पण मग तिला 'ये' कधी म्हणायचं, ते सांगायचं राहिलं बघ माझं. आता म्हण."

"म्हणून पाहिलं," ती म्हणाली. "ती येत नाही आता, आजोबा."

मास्तरांना खूप बोलायचं होतं. रविवारी तासभर अडखळल्याशिवाय बोलणारा माणूस. त्यांनी नुसतं तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं, म्हणून काढून पुन्हा लावलं.

"मग बंद करा तो वर्ग," हे सगळं ऐकल्यावर आजी रात्री म्हणाली.

"बंद नाही," मास्तर म्हणाले. "उलटा करतो. ज्या तोंडाने थांब म्हटलं, त्याच तोंडाने खा म्हणतो. सगळ्यांपुढे. ती तिथे बसलेली असताना."

त्या रविवारी मास्तरांनी बनांवर जास्तच जीव ओतला. दूध घातलं, मनुका घातल्या, वरून साखर भुरभुरली. पोती सारली, बाकं मांडली, पोरं आली. नात नेहमीसारखी शेवटच्या बाकावर, पाठ ताठ करून. मास्तरांनी प्रत्येकापुढे बन ठेवला आणि पोट टेबलाला न टेकवता उभे राहिले.

"बाळांनो, आज नवा धडा. संयम म्हणजे उपाशी राहणं नव्हे. भूक हीसुद्धा देवाचीच देणगी आहे. तेव्हा आज वर्ग संपायची वाट बघायची नाही. आत्ता, या क्षणी, सगळ्यांनी आपापला बन खायचा."

कोणी हललं नाही.

"खा," मास्तर म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हळूच एकेकाच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. ते मास्तरांना पक्के ओळखून होते. वकील मागे वळून कुजबुजला, पण त्याचं कुजबुजणं रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं असायचं. "कोणी खाऊ नका रे! ही वरच्या पायरीची परीक्षा आहे!"

"परीक्षा नाही रे गाढवा, खरंच खा!"

"बघा, चिडल्याचं सोंगही करतायत," वकील म्हणाला.

सगळ्यांनी हाताची घडी घातली. पाठी ताठ झाल्या. एका लहानग्याने तर डोळेच मिटून घेतले, आणि त्याच्या नाकपुड्या तेवढ्या फुलत होत्या. मास्तरांनी विनवलं. रागावले. शपथ घातली. जितकं ते अधिक बोलले, तितकी पोरं अधिक खूश झाली. इतकी अवघड परीक्षा आजवर आली नव्हती. शेवटी मास्तरांनी टेबलावरचा स्वतःचा बन उचलला आणि सगळ्यांदेखत खाऊ लागले. गाल फुगले, साखर मिशीला लागली. "हे बघा, मी खातोय. काही होत नाही. छान लागतं!"

वर्गात हास्याचा स्फोट झाला. "मास्तर हरले! मास्तर हरले!"

मास्तरांनी तोंडातला घास तसाच ठेवून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच नातीच्या चेहऱ्यावर रंग चढला होता. ती आजोबांकडे कौतुकाने बघत होती. तिलाही तेच वाटत होतं. आजोबांनी ही सर्वांत कठीण परीक्षा तिच्यासाठी मांडली होती, आणि तिने बनापासून हात दोन बोटं आणखी मागे घेतला.

मास्तर पोत्यावर बसले आणि रडू लागले. मोठा माणूस, एवढं पोट, ते सगळं हलत होतं. हसू एका दमात थांबलं. पोरं घाबरली. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना, पण मास्तर खा म्हणाले होते एवढं आठवलं, आणि त्यांनी भराभर बन तोंडात कोंबायला सुरुवात केली. डोळे मिटलेला लहानगा खाता खाता मुसमुसत होता. वकिलाला ठसका लागला. खोलीभर नुसता चावण्याचा आणि हुंदक्यांचा आवाज.

नात उठून आली. आपला बन तिने हातात आणला होता. तो तिने आजोबांच्या मांडीवर ठेवला, त्यांच्या मिशीवरची साखर बोटाने पुसली आणि ते बोट आपल्या स्कर्टला पुसून टाकलं.

"रडू नका ना," ती म्हणाली. "मी काही चुकले का?"

त्यानंतर वर्ग झाला नाही. आणि थोड्याच दिवसांत, जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसली आणि उठू शकली नाही, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला इस्पितळात ठेवून घेतलं.

तिथे नियम होता: बाहेरचं खाणं आणायचं नाही. मास्तर जन्मात कोणाला भेटायला रिकाम्या हाताने गेले नव्हते. लग्नाला पाव, मयताला पाव, भांडण मिटवायला गेले तरी बगलेत पाव. आता त्यांना हातांचं काय करायचं कळेना. ते कधी खिशात घालायचे, कधी पाठीमागे धरायचे. दारावरच्या शिपायाने एकदा उगाच संशयाने त्यांचे खिसे चाचपले.

दुसरा नियम आजीने त्यांना घरातून निघताना पढवला होता. "खाण्याचा विषय काढायचा नाही. 'शाबास' म्हणायचं नाही. 'बारीक झालीस' म्हणायचं नाही. 'जाड झालीस' तर मुळीच म्हणायचं नाही."

"मग बोलू काय?"

"गप्प बसा. तेही येत नसेल तर हवापाण्याचं बोला."

"काल फार उकडलं," मास्तर नातीच्या खाटेपाशी बसून म्हणाले.

"हं."

"आज जरा कमी आहे."

"हं." मग तिने विचारलं, "आजोबा, वर्ग चालू आहे?"

"नाही. सुटी दिली."

"माझ्यामुळे?"

"छे, छे. पीठ... म्हणजे पोती ठेवायला जागा नव्हती."

ती भिंतीकडे वळली. खोटं बोलणं मास्तरांना कधी जमलं नव्हतं. त्याचाही धडा ते घेत असत. "बघा," ती भिंतीला म्हणाली, "माझ्यामुळे सगळ्यांचं बंद पडतं." वर्ग बंद केला तर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, असं त्यांना वाटलं होतं. ते ओझं तिने उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं होतं. वर्ग चालू ठेवला असता तर? तेही तसंच. मास्तरांनी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, आणि तिने ते सरकवू दिलं, एवढंच त्या दिवशीचं मिळवणं.

दार उघडून परिचारिका झाकलेला ट्रे घेऊन आली. जेवणाच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर जायचं, हा तिसरा नियम. इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली सून उठली, मास्तर उठले. दाराला काचेची लहानशी चौकट होती, पण तिच्यातून फक्त परिचारिकेची पाठ दिसत होती. सून कॉरिडॉरच्या बाकावर बसली आणि ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागली. मास्तर काचेसमोर उभे राहिले. ती पाठ बोलत होती बहुतेक. खांदे अधूनमधून हलत होते. मध्येच एकदा ती पाठ पुढे वाकली. चमचा भरवायला, की सांडलेलं पुसायला?

"बाबा, बसा ना," सून म्हणाली. त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यापासून प्रथमच तिने त्यांना हाक मारली होती.

"बसतो," मास्तर म्हणाले आणि उभेच राहिले.

बराच वेळ गेल्यावर परिचारिका बाहेर आली. हातात तोच ट्रे, वर तेच झाकण. मास्तर तिच्या वाटेत आले.

"ताई, काही..."

"आजोबा, ते डॉक्टर सांगतील. मला सांगता येत नाही."

ती पुढे चालू लागली. मास्तर तिच्या मागून चार पावलं गेले. कामगाराने भट्टीकडे नेलेला ट्रे भरलेला आहे की रिकामा, हे त्यांना दुकानाच्या दारातून, नुसत्या त्याच्या कोपराकडे बघून कळायचं. त्यांनी परिचारिकेच्या कोपराकडे पाहिलं. मनगटाकडे पाहिलं. तिने वळणावर ट्रे एका हातावर घेतला आणि दुसऱ्या हाताने दार ढकललं. एका हातावर पेलला, म्हणजे हलका असेल. पण तरुण मुलगी आहे, मजबूत हातांची, जडही पेलेल.

दार तिच्यामागे झुलत राहिलं.

"काय वाटलं?" सुनेने विचारलं.

"कळलं नाही," मास्तर म्हणाले, आणि बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले.